व्हिज्युअल प्रोसेसिंगची अडचण असलेल्या मुलीसाठी घरच्या घरी बीजगणित: कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

(ही चर्चामंचावरची चर्चा आहे. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवी रेघ

मुलगी १३ वर्षांची, घरीच शिकते. चष्मा नाही, दूरचं-जवळचं दोन्ही स्पष्ट दिसतं. अडचण दिसलेल्याचा अर्थ लावण्याची आहे, तिलाच व्हिज्युअल प्रोसेसिंग म्हणतात. मूल्यांकनात दोन गोष्टी निघाल्या: गर्दीतून नेमकी खूण वेगळी काढता येत नाही, आणि कागदावरची जागा (वर-खाली, डावं-उजवं, कशाच्या खाली काय) पटकन लक्षात येत नाही. तोंडी गणित चांगलं आहे. अपूर्णांक, टक्केवारी, ऋण संख्या समजतात. कागदावर उतरलं की वजाबाकीचं चिन्ह गळतं, घातांक खाली उतरून नेहमीचा अंक होतो, वरच्या ओळीतला ५ खालच्या ओळीत जाऊन बसतो.

आता बीजगणित सुरू करायचं आहे. व्हिडिओवाला अभ्यासक्रम घ्यावा, संगणकावर गणितं तपासून देणारा घ्यावा, की साधं पुस्तक घेऊन पानं आपणच बदलावीत? ठोकळे, फरशा वगैरे साहित्याने फायदा होतो की टेबलावर आणखी गर्दी होते? घेण्याआधी काय तपासायचं ते नेमकं सांगितलंत तर बरं होईल.

ताळा करून बघा

खरेदीआधी एक काम करा. चूक नजरेची आहे की समजण्याची, हे वेगळं काढा. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि अभ्यासक्रमही त्यानुसार वेगळा ठरतो.

हे एकच समीकरण घ्या:

३(क्ष − ४) − २(क्ष − ५) = ७

बरोबर उत्तर ९. चुकीचं उत्तर आलं तर त्या आकड्यावरूनच बरंच कळतं. २९ आलं, तर −२ आणि −५ यांचा गुणाकार +१० ऐवजी −१० झाला. २४ आलं, तर दुसऱ्या कंसात २ ने फक्त क्ष ला गुणलं, ५ तसाच राहिला. १६ आलं, तर दोन्ही कंसांत तेच झालं. ५.८ आलं, तर दुसऱ्या कंसाबाहेरचं वजाचं चिन्ह दिसलंच नाही आणि तिथे अधिक धरलं गेलं.

२४ आणि १६ या बहुतेक वेळा समजण्याच्या चुका असतात. कंसाबाहेरचा अंक आतल्या प्रत्येक पदाला लागतो हे पक्कं झालेलं नसतं. ५.८ ही जवळजवळ नेहमी नजरेची. २९ दोन्हीकडची असू शकते, म्हणून तेच समीकरण वाचून दाखवा: 'तीन गुणिले कंसात क्ष वजा चार, त्यातून वजा दोन गुणिले कंसात क्ष वजा पाच, बरोबर सात.' तिने तोंडी सांगायचं, तुम्ही लिहायचं. तोंडी बरोबर आलं आणि कागदावर चुकलं, तर गणित येतं आहे, कागद आडवा येतो आहे.

अशी आठ-दहा गणितं दोन्ही रीतींनी करून घ्या, निरनिराळ्या दिवशी, थकलेली नसताना. प्रत्येक चुकीपुढे 'चिन्ह', 'उतरवताना', 'ओळ', 'कंस', 'घातांक', 'रीत' यांपैकी एक शब्द लिहा. पुस्तकातून वहीत उतरवतानाच निम्म्या चुका होत असतील, तर ज्यात उतरवून घ्यावंच लागत नाही असा अभ्यासक्रम हवा, म्हणजे पानावरच लिहिण्याची वर्कबुक. 'रीत' जास्त निघालं तर आधी बीजगणितपूर्व भाग नीट करा. पान कितीही मोकळं केलं तरी तो दोष जाणार नाही.

चौकडीची वही

वरच्या प्रतिसादाला +१. आता अभ्यासक्रमाबद्दल.

माझं मत असं की अभ्यासक्रमात जे आपल्याला बदलता येत नाही त्यावर निवड करावी. अक्षर लहान असेल तर मोठं करून छापता येतं. पानावर गर्दी असेल तर कापून चार पानं करता येतात. चित्रं झाकता येतात. पण धड्यांचा क्रम, समीकरण सोडवायची शिकवलेली रीत, सरावाचा साचा आणि उत्तर तपासण्याची पद्धत घरी बसून बदलणं जवळजवळ अशक्य असतं. नमुना धडा उघडला की सगळे आधी पान किती सुबक आहे ते बघतात. ते सगळ्यात शेवटी बघा.

रीतीचं उदाहरण. काही पुस्तकं पहिल्याच आठवड्यात 'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे पक्षांतर शिकवतात. या मुलांसाठी ते वाईट. एक पद डावीकडून उचलायचं, बरोबरच्या चिन्हावरून पलीकडे न्यायचं, नेताना चिन्ह उलटं करायचं आणि मूळ जागा रिकामी झाली हेही लक्षात ठेवायचं. चारही कामं नजरेची आहेत. त्याऐवजी दोन्ही बाजूंखाली तीच क्रिया लिहिणारं पुस्तक घ्या:

५क्ष − ८ = २७
+ ८   + ८
५क्ष = ३५

यात काहीच सरकत नाही. जे लिहिलं ते जागेवर राहतं. वर्षभर असंच लिहिलं तरी काही बिघडत नाही. पक्षांतर ही नंतर आपोआप येणारी पळवाट आहे.

आता नावं घेऊन. हे सगळे अमेरिकेतले इंग्रजी अभ्यासक्रम किंवा साधनं आहेत.

मॅथ-यू-सी: पानं काळी-पांढरी, चित्रांची गर्दी नाही. प्रत्येक धड्याला व्हिडिओ, आधी त्याच धड्याचा सराव, मग मागच्या धड्यांची उजळणी. एका वेळी एकच कल्पना, म्हणून डोकं आणि नजर दोन्हीवर एकदम भार येत नाही. बीजगणित एक आणि दोन यांच्या मध्ये भूमिती येते, हे वर्षाचं नियोजन करताना लक्षात घ्या.

सॅक्सन: क्रम उत्तम, उजळणी भरपूर. बीजगणित एकच्या तिसऱ्या आवृत्तीत १२० धडे आणि प्रत्येकाखाली ३० मिश्र गणितं. अडचण मिश्रपणाचीच. एका पानावर समीकरण, त्याखाली घनफळ, त्याखाली घातांक, त्याखाली शाब्दिक उदाहरण. दर गणिताला नजरेला नवा आकार ओळखावा लागतो. शिवाय प्रत्येक गणिताच्या क्रमांकाखाली ते कोणत्या धड्यातलं आहे तो आकडा कंसात बारीक छापलेला असतो. गर्दीतून खूण वेगळी काढता न येणारं मूल तो आकडा गणितात धरतं. सॅक्सन घेतलं तर ते आकडे झाकल्याशिवाय पान हातात देऊ नका.

खान अकादमी: फुकट आहे, समजावणं चांगलं आहे, वेग कमी करता येतो. पण काळ्या पडद्यावर अनेक रंगांत लिहीत जातात, आणि जागा संपली की उरलेल्या पायऱ्या बाजूला कुठेतरी सरकतात. ऐकून समजणाऱ्या मुलीने डोळे मिटून ऐकलं तर उत्तम, बघून पायरी शोधायची झाली तर गोंधळ. पूरक म्हणून ठेवा.

हँड्स-ऑन इक्वेशन्स: हा पूर्ण अभ्यासक्रम नव्हे, फक्त एकचल समीकरणांपुरता. तराजूचं चित्र, निळं प्यादं म्हणजे क्ष, आकड्यांचे फासे म्हणजे संख्या. पुढच्या टप्प्यात पांढरं प्यादं म्हणजे क्ष च्या उलट. कागदावरच्या खुणा चुकणाऱ्या मुलांना सुरुवातीला याचा चांगला उपयोग होतो, कारण 'दोन्ही बाजूंनी एकेक प्यादं उचल' ही क्रिया हाताने होते. २६ धडे आहेत, मुख्य अभ्यासक्रमाआधी करून टाकता येतात.

निर्देशक

संगणकावरच्या अभ्यासक्रमांबद्दल सांगतो, कारण 'आपोआप तपासतो' हे ऐकून बरेच पालक तिकडे वळतात.

टीचिंग टेक्स्टबुक्समध्ये गणित वाचून दाखवलं जातं, पायऱ्या एकामागून एक पडद्यावर येतात, चुकलं तर पूर्ण उकल दाखवतात. ऐकून शिकणाऱ्या मुलीला हे सोयीचं. काही गणितांना दुसरी संधीही मिळते. पण तपासलं जातं ते फक्त शेवटचं उत्तर. कागदावर तिने काय केलं ते यंत्राला दिसत नाही. चिन्ह गळालं की रीत चुकली, दोन्हींना सारखाच 'चूक'. आणि वर सांगितलेली २९ आणि २४ ची तपासणी तर तुम्हाला रोज हवी आहे.

दुसरं, पडद्यावरून वहीत उतरवणं हे पुस्तकातून उतरवण्यापेक्षा अवघड. नजर उभ्या पडद्यावरून आडव्या कागदावर, पुन्हा वर, पुन्हा खाली. प्रत्येक फेरीत जागा हरवते. हा अभ्यासक्रम घेतलाच तर त्या दिवसाची गणितं आधी छापून किंवा हाताने मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर सपाट ठेवा, आणि पडदा फक्त ऐकण्यासाठी आणि उत्तर भरण्यासाठी. उत्तर भरताना तिने बोलायचं, तुम्ही टंकायचं. आकडे उलटे टंकल्यामुळे चूक ठरलेलं बरोबर उत्तर मुलांना फार खचवतं.

अभ्यासक्रम किती खोलात जातो याबद्दल माझं मत: पुढे विज्ञान शाखेकडे जायचं असेल तर टीचिंग टेक्स्टबुक्सला जोडीला अवघड गणितांचा वेगळा संच लागतो.

दृष्टी आणि वाचन

एक मुद्दा कुणी मांडला नाही. 'नंबर नाही' म्हणजे डोळ्यांचं सगळं तपासून झालं असं नाही. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळतात का, किती वेळ तसे टिकतात, जवळून दूर आणि दूरून जवळ बघताना लगेच स्पष्ट दिसतं का, ओळीवरून नजर सलग सरकते का, हे वेगळं तपासावं लागतं. वाचताना अक्षरं दुहेरी दिसणं, एक डोळा झाकून वाचणं, थोड्याच वेळात डोकं दुखणं ही लक्षणं असतील तर दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित कामाची तपासणी मुद्दाम मागून घ्या.

डोळे जवळ वळवण्यातला दोष असेल तर उपचार आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर १२ आठवडे वेगवेगळे उपचार करून बघितले. दवाखान्यात करून घेतलेल्या व्यायामांनी सुमारे ७३ टक्के मुलांना फायदा झाला, घरी पेन्सिल नाकाजवळ आणत बघण्याच्या नुसत्या व्यायामाने ४३ टक्के. पण त्या व्यायामांनी वाचनही सुधारतं का हे बघणाऱ्या पुढच्या चाचणीत, २०१९ मध्ये, वाचन-आकलनात दिखाऊ उपचाराच्या मानाने जास्त फरक दिसला नाही. म्हणजे दुहेरी दिसणं, डोकेदुखी यासाठी उपचार घ्या, त्यातून बीजगणित सुधारेल ही अपेक्षा ठेवू नका.

रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. त्याने शिकण्यात फरक पडतो याला भक्कम आधार नाही. पांढराशुभ्र कागद डोळ्यांवर येत असेल तर फिक्या पिवळसर कागदावर छापा, खर्च तेवढाच. त्याहून जास्त फायदा ओळींमधलं अंतर वाढवून होतो.

आडवी रेघ

सगळ्यांचे आभार. वरचं समीकरण आज दिलं. कागदावर ५.८ आलं, तोंडी ९. म्हणजे नजरेचीच चूक. दुसऱ्या गणितात मात्र कंसाची रीतही चुकली, तेव्हा दोन्ही थोडं थोडं आहे.

आता विचारायचं ते हे. पानं आपणच बदलायची तर नेमकी कशी? आणि ३० गणितांचा धडा असेल तर किती द्यायची? निम्मी गाळली तर पुढे अडत नाही का?

चौकडीची वही

आधी गणितांची संख्या. ज्या पुस्तकात एका धड्याखाली एकाच प्रकारची गणितं असतात तिथे एक सोडून एक दिलीत तरी चालतं. मिश्र सरावाच्या पुस्तकात तसं केलं तर एखादा प्रकार कायमचा गळतो, कारण प्रत्येक प्रकारची एक-दोनच गणितं असतात. तिथे धड्याचा क्रमांक बघून निवडा: आजच्या धड्याची सगळी, गेल्या पाच-सहा धड्यांतलं प्रत्येकी एक, आणि चुकांच्या नोंदवहीत ज्या प्रकाराची नोंद जास्त आहे त्याची दोन. अशी १० ते १२ होतात. राहिलेली तोंडी. तोंडी म्हणजे सोडवून नव्हे, 'यात पहिली पायरी काय?' एवढंच विचारायचं. रीत ताजी राहते आणि कागदाचा शीण पडत नाही.

आता पान.

पुस्तकाचं पान १४० टक्के मोठं करून झेरॉक्स काढा, गणितं कापा, आणि एका कोऱ्या पानावर दोनच चिकटवा, प्रत्येकाखाली अर्धं पान मोकळं. टंकून काढायचं असेल तर १६ ते १८ पॉइंट, ओळींत दीडपट ते दुप्पट अंतर. अधिक आणि वजा चिन्हांच्या दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा जास्त मोकळी जागा सोडा. वजाची रेघ अंकाला चिकटली की ती अंकाचाच भाग वाटते. अपूर्णांक तिरक्या रेघेने कधीच लिहू नका, आडवीच रेघ, रुंद, आणि तिच्यावर-खाली हवा. तिरक्या रेघेत १/२क्ष म्हणजे अर्धा क्ष की एक भागिले दोन क्ष, हे शहाण्यासुरत्यालाही सांगता येत नाही.

लिहायला एक सेंटिमीटर चौकडीची वही. एका चौकटीत एकच खूण: अंक, अक्षर, चिन्ह, कंस, सगळ्यांना स्वतःची चौकट. सुरुवात करण्याआधीच पानावर बरोबरच्या चिन्हासाठी जाड पेनाने वरून खालपर्यंत उभी रेघ ओढून ठेवा. प्रत्येक पायरीचं बरोबरचं चिन्ह त्या रेघेवर. दोन पायऱ्यांमध्ये एक ओळ मोकळी. एका ओळीत एकच क्रिया. 'सोपं आहे, दोन पायऱ्या एकदम कर' असं म्हणू नका. एका पायरीची बचत होते, आणि चूक कुठे झाली हे शोधायची जागा जाते.

घातांकाला अंकाच्या चौकटीत कोंबू नका. अंकाच्या वरची, उजवीकडची चौकट त्याची. म्हणून घातांक असलेल्या गणितात प्रत्येक ओळीसाठी दोन ओळी धराव्या लागतात. पहिल्या महिन्यात घातांकाभोवती छोटा गोल काढायची सवय लावली तर तो खाली उतरत नाही.

अक्षरं निवडताना हातचं अक्षर बघा. इंग्रजी एक्स आणि गुणाकाराची फुली एकत्र येऊ देऊ नका. गुणाकार कंसाने किंवा मधल्या टिंबाने दाखवा. झेड २ सारखा, एस ५ सारखा, बी ६ सारखा, क्यू ९ सारखा आणि एल १ सारखा दिसतो. टी तर सरळ अधिकच्या चिन्हासारखा. छापील पुस्तकात ही अक्षरं आली तर तिच्या प्रतीत ती बदलून ए, एम, एन किंवा क्ष, य लिहा. गणित तेच राहतं.

वाचण्यासाठी जाड कार्डाची एल आकाराचे दोन तुकडे कापा. दोन्ही एकमेकांवर ठेवले की हवी तेवढी खिडकी होते आणि त्यातून एकच गणित दिसतं. पट्टी ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण पट्टी फक्त खालचं झाकते, वरची गर्दी तशीच राहते.

पायरी पायरीने

रंगांचं काय? आमच्याकडच्या शिक्षकांच्या गटात सजातीय पदं रंगाने दाखवतात आणि ते मुलांना आवडतं.

ताळा करून बघा

रंग चालतात, पण दोन मर्यादा पाळा. एका वेळी तीनहून जास्त रंग नकोत, आणि लाल-हिरवा एकत्र नको. काही मुलांना तो फरक दिसत नाही आणि कुणी तपासलेलं नसतं. शिवाय परीक्षेत रंगीत पेनं चालतीलच असं नाही. म्हणून रंगापेक्षा आकार बरा: क्ष² ची पदं चौकोनात, क्ष ची गोलात, नुसत्या संख्या त्रिकोणात. एकाच काळ्या पेन्सिलने होतं.

महत्त्वाचं: आकार काढताना पदाच्या डावीकडचं चिन्ह आत घ्यायचंच. ७क्ष − ३ + २क्ष − ५ यात दुसरा त्रिकोण '−५' भोवती, '५' भोवती नव्हे. चिन्ह बाहेर राहिलं की पद उचलताना ते मागेच राहतं. बहुतेक गळणारी वजा चिन्हं इथेच गळतात, असं माझं निरीक्षण आहे.

अपूर्णांकांची समीकरणं आली की पहिली पायरी छेद घालवणं, नेहमीच. क्ष/३ + क्ष/४ = ७ ला १२ ने गुणलं की ४क्ष + ३क्ष = ८४, क्ष = १२. (इथे टंकायला तिरकी रेघ वापरावी लागते, वहीत आडवीच.) छेद राहिले तर प्रत्येक ओळ तीन मजली होते आणि नजर कुठल्या मजल्यावर आहे ते हरवतं.

आणि प्रत्येक समीकरणाचा ताळा तोंडी. कागदावर ताळा केला तर तीच चूक पुन्हा होऊ शकते. तुम्ही मूळ समीकरण वाचायचं, तिने क्ष ची किंमत घालून डावी बाजू मोठ्याने सांगायची.

निर्देशक

ठोकळे-फरशांचा प्रश्न राहिलाच. बीजगणिताच्या फरशा म्हणजे मोठा चौरस क्ष², लांब पट्टी क्ष, लहान चौरस १. सजातीय पदं म्हणजे काय हे दाखवायला त्या चांगल्या: पट्टी आणि चौरस एकत्र मोजता येत नाहीत हे हातालाच कळतं. पण जागेचं भान कमी असलेल्या मुलीसाठी मर्यादा लवकर येते. क्ष² + ७क्ष + १२ चे अवयव पाडायला २० फरशा लागतात, आणि त्यांचा आयत जुळवणं हेच जागेचं कोडं. ती बीजगणितात नव्हे, आयतात अडकते. म्हणून फरशा बेरीज-वजाबाकीपुरत्या ठेवा, आणि एका वेळी टेबलावर दहाहून जास्त नकोत. रिकामा ट्रे घ्या, बाकीचा डबा बंद.

गुणाकार आणि अवयवांसाठी चौकटीची रीत वापरा. ही या मुलांसाठी फार उपयोगी आहे, आणि अभ्यासक्रम निवडताना ती शिकवलेली आहे का ते जरूर बघा. (२क्ष − ३)(क्ष² + ४क्ष − ५) करायचं आहे. दोन ओळी, तीन स्तंभ. डावीकडे २क्ष आणि −३, वर क्ष², ४क्ष, −५.

पहिली ओळ: २क्ष³, ८क्ष², −१०क्ष.
दुसरी ओळ: −३क्ष², −१२क्ष, १५.

सजातीय पदं तिरक्या रेघेवर येतात: ८क्ष² आणि −३क्ष², तसंच −१०क्ष आणि −१२क्ष. उत्तर २क्ष³ + ५क्ष² − २२क्ष + १५. प्रत्येक गुणाकाराला घर आहे, त्यामुळे एखादा राहिला तर रिकामी चौकट लगेच दिसते. नेहमीच्या रीतीत सहा बाण काढावे लागतात आणि कुठला काढला, कुठला राहिला ते कळत नाही.

बिघडतं कुठे? मधला घात नसेल तेव्हा. क्ष² − ५ ला तीन स्तंभांत लिहिताना मध्ये ०क्ष लिहायचं. ते विसरलं की तिरकी रेघ जुळत नाही. बहुपदीच्या भागाकारातही हेच शून्य लागतं, म्हणून सवय आधीपासून.

पायरी पायरीने

आलेखांचं कसं करायचं? तोच भाग सगळ्यात अवघड जातो.

निर्देशक

आलेख टाळता येत नाही, पण क्रम उलटा करता येतो. बरीच पुस्तकं चित्रापासून सुरू करतात: 'ही रेषा बघा, हिचा चढ किती?' तुम्ही तक्त्यापासून करा. य = २क्ष − ३ घ्या. क्ष ०, १, २, ३ असताना य −३, −१, १, ३. क्ष एकाने वाढला की य दोनाने वाढतो, हाच चढ. तो आकड्यांत दिसला, चित्राची गरज पडली नाही. क्ष शून्य असताना य −३, म्हणून रेषा उभ्या अक्षाला तिथे छेदते. हे पक्कं झालं की मग कागद.

आलेख कागद एक सेंटिमीटर चौकडीचा, बारीक मिलिमीटर रेघांचा नको. त्या बारीक रेघाच गर्दी करतात. अक्ष जाड मार्करने, दोन्ही वेगळ्या जाडीचे. अंक प्रत्येक रेघेवर लिहा, दर पाचव्या नको. बिंदू मांडताना एक बोट आडव्या अक्षावर सरकवून थांबवायचं, मग तिथूनच वर किंवा खाली. आधी आडवं, मग उभं, मोठ्याने म्हणत. रेषेसाठी दोन पुरत असले तरी नेहमी तीन बिंदू. तिसरा रेषेवर नसेल तर मांडणी चुकली हे तिचं तिलाच कळतं, तुम्ही सांगावं लागत नाही.

संगणकावर काढायचं तर डेस्मॉस वापरा. अक्षरं मोठी करता येतात, मागची जाळी काढून टाकता येते, आणि ध्वनीने आलेख ऐकण्याची सोय आहे: रेषा चढते तसा सूर चढतो. चढ आणि उतार ओळखायला ते चांगलं चालतं.

एकसामायिक समीकरणं आलेखाने सोडवायचा धडा असतो. तो समजण्यापुरता एकदा करा, सराव नको. उकल काढायला किंमत घालण्याची रीत. दोन समीकरणं एकाखाली एक मांडून वजा करायची रीत शिकवावीच लागते, तेव्हा चौकडीच्या वहीत चार स्तंभ आखा: क्ष, य, बरोबर, संख्या. आणि वजा करू नका. खालचं समीकरण −१ ने गुणून पुन्हा लिहा, मग बेरीज. एक ओळ वाढते, चिन्हांच्या चुका बऱ्याच कमी होतात.

दृष्टी आणि वाचन

हाताने लिहिणंच जड जात असेल तर मॉडमॅथ नावाचं फुकट ॲप आहे, आयपॅडवर चालतं. पडद्यावरच चौकडीचा कागद, एका चौकटीत एक खूण, कळफलकावरून. तयार पान साठवून छापता येतं.

पुस्तक ऐकायचं असेल तर घेण्याआधी एक तपासा. स्कॅन केलेली पीडीएफ वाचनयंत्राला नीट वाचता येत नाही. अक्षरं ओळखून वाचली तरी सूत्रं बिघडतात, क्ष वर्ग ऐवजी 'क्ष दोन' ऐकू येतं. सूत्रं गणिताच्या खुणांसह टंकलेली असलेलं ई-पुस्तक लागतं. नमुन्यातलं अपूर्णांक आणि घातांक असलेलं पान वाचायला लावा. ते पान नीट वाचलं तरच पैसे द्या.

ताळा करून बघा

परीक्षेचंही बोलून ठेवतो. बाहेरून परीक्षेला बसवणार असाल तर मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, जादा वेळ, वाचक किंवा लेखनिक, चौकडीचा कागद, या सवलती ज्या मंडळाकडे मागायच्या त्यांना आत्ताच लेखी विचारा. अनेक ठिकाणी ठरावीक मुदतीतलं मूल्यांकन लागतं आणि ती सवलत रोजच्या अभ्यासात वापरात असल्याचा पुरावाही मागतात. जे मागणार ते आजपासून वापरात आणा आणि तारखेसह पानं जपून ठेवा. लेखनिक घेणार असाल तर समीकरण तोंडी सांगण्याचा सराव वेगळा करावा लागतो: 'कंस सुरू', 'कंस बंद', 'पूर्ण भागिले' हे म्हटल्याशिवाय लेखनिक भलतंच लिहील.

आडवी रेघ

सगळं वाचून असं ठरवते आहे: आधी हँड्स-ऑन इक्वेशन्स, मग मॅथ-यू-सी बीजगणित एक, चौकडीची वही, चौकटीची रीत. आलेख तक्त्यापासून. एकच शंका: मॅथ-यू-सीच्या वर्कबुकच्या पानावर जागा पुरेल का, आणि जमत नाही हे किती दिवसांनी ठरवायचं?

चौकडीची वही

वर्कबुकच्या पानावर तिने सोडवूच नये. तेच पान बाजूला ठेवून गणित तुम्ही चौकडीच्या वहीत उतरवून द्यायचं, सोडवणं तिचं. उतरवणं हे बीजगणित नाही, ते तिच्याकडून काढून घेतलं तर काही गमावत नाही.

सहा आठवडे द्या, चुकांची तीच वही चालू ठेवून. 'चिन्ह', 'ओळ', 'उतरवताना' या नोंदी कमी होत असतील पण 'रीत' तशीच असेल, तर पान जमलं आहे, समजावणं जमत नाही. तेव्हा अभ्यासक्रम बदला, मांडणी तीच ठेवा. उलटं असेल, म्हणजे रीत येते आणि चिन्हं अजून गळतात, तर अभ्यासक्रमाला हात लावू नका. पानावर दोनऐवजी एक गणित करा, चौकट दीड सेंटिमीटरची करा, आणि बघा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पहिल्या आठवड्यात कंस असलेली समीकरणं घेऊच नका. २क्ष + ५ = १७ अशी, एका पानावर दोन.